रेणुका सिस्टरचं अक्षर

रेणुका अमडापूरची. घरी भाजीपाल्याची शेती, चार बहिणी, त्यात नर्सिंग शिकलेली ती एकटीच. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात तिनं अकरा वर्षं वॉर्डात काढली, आणि मग डॉक्टर शेखर यांनी तिला मॅनेजर केलं. डॉक्टरांच्या हाताला गुण होता, पण कागद म्हटला की त्यांना कंटाळा. "रेणुका, कागदांचं तू बघ," एवढं म्हणून ते ऑपरेशनच्या खोलीकडे चालू लागायचे.

आणि रेणुका बघायची. दवाखान्याला मानांकन हवं होतं, त्यासाठी बाहेरून तपासणीला माणसं येणार होती. जुन्या फायलींत तर निम्म्या ठिकाणी पेशंटच्या सह्याच नव्हत्या. ऐन ऑपरेशनच्या वेळी नातेवाईक चहाला गेलेले असायचे आणि सगळं खोळंबायचं. रेणुकानं त्यावर तोड काढली. भरती होतानाच सात कागद पुढे ठेवायचे, सातांवर सह्या घेऊन टाकायच्या. ऑपरेशन कोणतं, शरीराच्या कोणत्या भागाचं, हे रकाने मागाहून भरायचे. महिनाभरात सगळं सुरळीत झालं. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, तेव्हा ती घरी पेढे घेऊन गेली होती.

अशातच उंद्रीचे पंजाबराव भरती झाले. बाजारगल्लीत त्यांचं टेलरिंगचं दुकान. पायानं चालवायची मशीन, आणि तीन शाळांचे गणवेश वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. शुगरमुळे उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती, ती काढायची होती. सोबत बायको केसरबाई आणि बुलढाण्याला कॉलेजात शिकणारी मुलगी महामाया.

रेणुकानं कागद पुढे सरकवले. पंजाबराव पिशवी चाचपू लागले. "चष्मा थैलीत हाय, थांबा जराक. काय लिहेल हाय याच्यात?"

"नेहमीचेच आहेत काका, सगळ्यांचेच घेतो आम्ही. मागे चार जण उभे आहेत बघा."

पंजाबरावांनी मागे पाहिलं, ओशाळले आणि सातही कागदांवर सावकाश, गोल अक्षरात सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ऑपरेशनच्या खोलीतून डॉक्टरांचा फोन आला. "रेणुका, पू घोट्याच्या वर चढलाय. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. संमती आहे ना?"

तिच्या काचेतून बाहेरचं बाकडं दिसत होतं. केसरबाई संत्रं सोलत होत्या. महामाया मोबाईलवर काहीतरी वाचत होती. जाऊन सांगायचं तर रडारड होणार, दिराला फोन लावला जाणार, तासभर सहज जाणार. पाठोपाठ आणखी दोन ऑपरेशनं होती.

"आहे, सर," रेणुका म्हणाली. फोन ठेवला आणि कोऱ्या रकान्यात निळ्या पेनानं लिहिलं: उजवा पाय, गुडघ्याखालून.

त्या दिवशी तिला काही वाटलं नाही. वाटलं ते तिसऱ्या दिवशी.

महामायानं फाईल मागितली, म्हणून रेणुका स्वतःच ती घेऊन वॉर्डात गेली. पूनम नावाची नवी नर्स सलाईन बदलत होती. पूनमही अमडापूरचीच. रेणुकानंच शब्द टाकून तिला नोकरी लावून दिली होती.

पंजाबराव उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "मले कमरीतून भूल देल्ली होती, ताई. मी जागाच होतो. मधात हिरवा पडदा होता. करवतीचा आवाज आला, तं मले वाटलं, दवाखान्यात कुठं सुतार लागला असन."

त्यांनी चष्मा लावला आणि कागदावर बोट ठेवलं. "सही माहीच हाय. पन हे अक्षर कोनाचं?"

अकरा वर्षांत शेकडो चार्ट रेणुकानं याच हातानं लिहिले होते. वॉर्डातली आयासुद्धा तिचं अक्षर ओळखायची. आणि तिच्या तोंडून निघालं, "ते... पूनमनं भरलं असेल. भरतीचे कागद तिच्याकडे असतात."

सलाईनच्या नळीवर पूनमचा हात थांबला. तिनं एकदा रेणुकाकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. हे डॉक्टरांच्या कानावर गेलं, आणि संध्याकाळी त्यांनी पूनमला काही दिवस घरी बसायला सांगितलं. ती निमूट गेली.

शुक्रवारी तपासणीची माणसं आली. त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी वीसेक फायली चाळल्या आणि म्हणाल्या, "एकही रकाना कोरा नाही. असं फार कमी ठिकाणी दिसतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रेणुकाचं तोंड असं तापलं, जणू कुणी भरबाजारात मुस्काटात मारली होती. ती मागच्या नळावर जाऊन तोंड धूत राहिली.

दुपारी तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. "पाय वाचणारा नव्हताच, रेणुका. मग आता कशाला उकरून काढायचं?"

"नव्हता वाचणार, सर. पण ते जागे होते. तुम्ही पडद्यावरून विचारू शकत होतात. मी दार उघडून केसरबाईंना सांगू शकत होते. दोघांनीही केलं नाही. आणि मी वर पूनमचं नाव घेतलं."

डॉक्टर उठून ऑपरेशनच्या खोलीकडे चालू लागले.

पंजाबराव घरी गेल्यावर ती एसटीनं उंद्रीला गेली. कुबड्या भिंतीला टेकवून ते खाटेवर बसले होते. "जय भीम, ताई. या," त्यांनी म्हटलं. रेणुका उभ्यानंच बोलली. "काका, ते अक्षर माझं होतं. पूनमचं नव्हतं."

महामाया भडकली. "मंग आता काऊन सांगायले आल्या? तवा तोंड नव्हतं का?"

केसरबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "मी दारातच बसेल होती, बाई," त्या म्हणाल्या. "एक हाक मारायची होती."

पंजाबराव मात्र शांत होते, आणि तेच रेणुकाला सोसवेना. "डाक्टर म्हनते, पाय जानारच होता. असन. पन मले इचारलं असतं, तं मी हो म्हनलो असतो का नाही, हे आता कोनालेच कळनार नाही. मलेही नाही." त्यांनी तिला माफ केलं नाही, आणि शिवीही दिली नाही. पाणी पिऊन ती निघाली.

महामायानं जिल्ह्याच्या कार्यालयात तक्रार केली. रेणुकानं तिथं लेखी जबाब दिला, काही न लपवता. डॉक्टरांना नोटीस आली, मानांकन लटकलं. रेणुकानं मॅनेजरची खुर्ची सोडली आणि वॉर्डात परतली. आता भरतीच्या वेळी कागद वाचून दाखवला जातो, पेशंटला कळेल अशा बोलीत. वेळ लागतो आणि मागे उभी असलेली माणसं कुरकुरतात. स्टाफमधल्या काहींनी तिच्याशी बोलणं टाकलं आहे. पंजाबरावांनी मशीनला मोटर बसवून घेतली. एक शाळा त्यांच्या हातची गेली, दोन टिकल्या.

पूनमला परत बोलावलं, पण ती आली नाही. देऊळगाव राजाला एका दवाखान्यात लागली होती. रेणुका तिथं गेली, तेव्हा पूनम ड्यूटीवरून फाटकापर्यंत आली. रेणुकाचं बोलणं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मले सांगून काय उपयोग, मॅडम? मले तं माहीतच हाय," ती म्हणाली. "माह्या मायले अजूनही वाटते, मीच केलं. गावात दोन-चार जण बोलतेत. तिले सांगा."

पुढच्या रविवारी रेणुका अमडापूरला उतरली. स्वतःच्या घरावरून गेली, पण आत वळली नाही. पूनमची आई, तानुबाई, अंगणात तूर पाखडत होत्या. शेजारच्या तिघीजणी तिथंच बसल्या होत्या. त्या उठून गेल्या असत्या तर बरं, असं रेणुकाला क्षणभर वाटलं, आणि त्या वाटण्याचीही लाज वाटली. तिनं त्यांच्यासमोरच सांगितलं. जे केलं ते, जे बोलली ते, कुणाचं नाव घेतलं ते.

तानुबाईंचं सूप थांबलं. त्यांनी रेणुकाला बस म्हटलं नाही. "तुह्याच भरोशावर पोरीले धाडलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

रेणुका थोडा वेळ तशीच उन्हात उभी राहिली. मग स्टँडच्या वाटेला लागली.