ताडगुळाची मावशी

कंबोडियात एका गरीब बाईने प्रेमाने माझ्या हातावर गूळ ठेवला आणि मी लगेच तिच्या हातात डॉलरची नोट कोंबली.

सहलीला माझ्याबरोबर पलूसचे आमचे शेजारी होते. त्यांचं गुऱ्हाळ बंद होऊन वर्षं झाली. पण चालू होतं तेव्हा वाटेने जाणाऱ्याला हाक मारून, गरम गूळ खायला घातल्याशिवाय ते सोडत नसत. परदेशातही ते मराठीच बोलायचे. विमानतळावरच्या साहेबाला त्यांनी "पाऊसपाणी कसं हाय?" असं विचारून ठेवलं होतं.

बाईची झोपडी झावळ्यांची, पाय अनवाणी, सदऱ्याला ठिगळं. चुलीवर ताडाचा रस कढत होता. नोट पाहून तिचं हसू मावळलं. नोट बाजूला ठेवून, आतून गुळाच्या पुड्या आणून ती माझ्यापुढे मांडू लागली. पाहुण्याचं मी गिऱ्हाईक करून टाकलं होतं.

शेजाऱ्यांनी नोट उचलून माझ्या खिशात घातली, चुलीपाशी उकिडवे बसले आणि ओंजळ पुढे केली. "आवं मावशी, लय ग्वाड हाय. वाईच द्या की अजून!"

मावशीला अक्षरही कळलं नाही, पण ती खळखळून हसली आणि ओंजळीत गूळ घातला. ते बोटं चाटत चुलीत झावळ्या सारत बसले. मला त्या कढत्या रसातून आमच्या शिवारातल्या गुऱ्हाळाचा वास येत राहिला.

बसमध्ये मी पुटपुटलो, "बिचारीला मदत करावीशी वाटली हो."

"मदत? आरं, एवढं देश हिंडलास, पर कुणाच्या दारात पावणा म्हणून बसाय काय आलं न्हाई तुला."