काळी फुलं

पळसदेवच्या म्हस्कूला राखेची भारी माया. ऊस तुटून गेला की काठावरचे शेतकरी पाचट पेटवत आणि जळक्या पानांची काळी फुलं उजनीच्या पाण्यावर अलगद उतरत. म्हस्कू वल्ही आवरून होडीत उताणा पडायचा, राख अंगावर घ्यायचा. आभाळच जरा जरा करून खाली येतंय असं त्याला वाटे. जाळं टाकायचं तो विसरून जाई, आणि बायको त्यावरून जन्मभर बोलत आली.

त्याचा पक्का समज होता: राख पडते तिथं पाणी हिरवं होतं, आणि हिरवं खायला चिलापी मासळी येते. म्हणून काठावरच्या दत्तोबाला तो दरवर्षी गळ घालायचा, वारा पाण्याकडं असेल तेव्हाच काडी लावा. बदल्यात दत्तोबाच्या घरी मासळी पोचायची.

बारामतीला कॉलेजात शिकणाऱ्या पायलनं, त्याच्या लेकीनं, एकदा सांगितलं की ऑस्ट्रेलियातली रानं पेटली तेव्हा धूर पार समुद्र ओलांडून गेला, आणि राख पडली तिथलं पाणी असंच हिरवं झालं. म्हस्कू हरखला. एवढा थोरला समुद्र, आणि रीत आपल्या पाण्याचीच.

"आबा, थोडं हिरवं माशांचा घास असतं," पायल म्हणाली. "लई झालं की कुजतं, मग पाण्यातला श्वास संपतो."

त्यानं पहिलं तेवढं ऐकलं.

यंदा एका पहाटे पाणी हिरव्या रंगासारखं दाट झालं होतं. चिलाप्या वर येऊन तोंडं उघडत होत्या. उन्हं वर येईतो शेकडो उलट्या तरंगल्या. वरच्या शहरांची घाण तर येतेच, हे म्हस्कूला ठाऊक होतं. पण घाणीला त्यानं कधी आवतण दिलं नव्हतं. राखेला दिलं होतं.

त्याच दुपारी दत्तोबाचा निरोप आला, वारा पाण्याकडं हाय. म्हस्कू धावतच शेतात गेला आणि त्यानं दत्तोबाच्या काडीपेटीवर हात ठेवला.

"तात्या, नगा पेटवू. मीच इतकी वर्सं चुकीचं सांगत हुतो."

"मग ह्ये पाचट कोण आवरणार?"

"मी."

चार दिवस तो ते पाचट सरीसरीत मातीखाली दाबत राहिला. पानांनी हात कापून निघाले. पाचव्या संध्याकाळी तो होडीत उताणा पडला. वरून काहीच पडत नव्हतं. त्याला राखेची आठवण येत होती आणि त्या आठवणीची लाजही वाटत होती.