फॉरमॅटमध्ये गेलेल्या चाली

जवळा बाजार या गावात माझं मोबाइलमध्ये गाणी भरून द्यायचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याचा डबाच. पण बाजाराच्या दिवशी तिथं एवढी गर्दी व्हायची की आत गेलेला माणूस शर्टाची इस्त्री मोडून, दुसऱ्याची चप्पल घालूनच बाहेर यायचा.

कॉम्प्युटर एकच. त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम चोरीची, अन् स्वभावानं जगावेगळी. मी एक फोटो पुसायला गेलो की विचारणार, 'तुमची खात्री आहे ना?' अन् व्हायरस दारात आला तर 'पाव्हणं, कोणतं गाव?' एवढंही विचारणार नाही. सरळ पाट मांडून जेवायला वाढायची! लाइट जायच्या बेतात असली की हिला अपडेटची हुक्की यायची. अपडेट सुरू झालं की औंढ्याला जाऊन, दर्शन घेऊन, माणूस परत यावा, टक्क्यांचा आकडा तिथंच.

त्याच कॉम्प्युटरात माझ्या बाबांची गाणी होती. बाबा गवंडीकाम करायचे आणि जयंतीला, लग्नाला स्वतः रचलेली गाणी म्हणायचे. आवाज असा की विहारात तान घेतली तर आमच्या जिल्ह्यातल्या पार गोरेगावची म्हैस पान्हा सोडायची. दुपारी दुकान रिकामं असलं की माइकसमोर बसायचे. "हे यंत्र माह्यापेक्षा जास्त जगंल," म्हणायचे.

एकदा लग्नसराईत डीजेवाला पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्या पेन ड्राइव्हची सेनगावपासून वसमतपर्यंत एकूण एक कॉम्प्युटरशी सोयरीक झालेली. तो लावला मात्र, माझ्या सगळ्या फोल्डरांवर वाकडे बाण उगवले. दाबलं तरी एकही उघडेना.

"काहून येळ लावून राहिला भौ? नवरदेव घोड्यावर वाळून चालला!" डीजेवाला ओरडला.

आमच्याकडं कॉम्प्युटरच्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध: फॉरमॅट. सर्दी झाली, मुंडकं छाटा! धंद्याची गाणी सीडींवर होती, ती पुन्हा भरता आली असती; बाबांची मात्र तेवढ्या कॉम्प्युटरातच. माझा हात अडला.

"बाबा, तुमची गाणी जातील," मी बाजूला बसलेल्या बाबांना म्हटलं.

"जाऊ दे की. मी जिता हाय ना? पुन्हा म्हणीन. त्या लेकराची वरात काहून खोळंबवतो?"

सिस्टीमनं विचारलं, खात्री आहे ना? मी 'हो' दाबलं. वरात वाजत गेली.

त्याच उन्हाळ्यात बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. पुढं हिंगोलीच्या एका दुरुस्तीवाल्याकडून कळलं, की तो व्हायरस फाइली खात नव्हता, नुसत्या लपवत होता. सगळी गाणी बाणांच्या मागं जागच्या जागी बसलेली होती. फॉरमॅटनंच त्यांचा जीव घेतला.

शब्द बाबांनी नंतर लिहून दिले. चाल कशी लिहिणार?

आता संध्याकाळी मी त्यांच्यासमोर बसतो आणि एक ओळ म्हणून बघतो. माझा गळा म्हणजे पंक्चर झालेला भोंगा.

"अशी का, बाबा?"

ते हात वर नेतात. मी सूर चढवतो.

"अशी?"

हात आणखी वर जातो, मधेच वळतो, हळूहळू खाली येतो. ते वळण त्यांना दिसत असतं, मला ऐकू येत नाही. मग ते हात मांडीवर ठेवतात, माझ्याकडं बघून हसतात आणि खुणेनं चहा मागतात.