तास संपायच्या आत भरलेला अभिप्राय

शाळेत बाहेरून कुणी तास घ्यायला आलं की आम्हा प्राथमिकच्या शिक्षिकांचं मत ठरलेलं असतं: बरं झालं बाई, वह्या तपासून होतील. राहते कोपरला, सव्वीस वर्षं दिव्याच्या शाळेत चौथीला शिकवतेय, पण हे मत मी कधी कागदावर उतरवलेलं नाही. कागदावर मी लिहिते, ‘उपक्रम स्तुत्य. मुले रमली.’ सूचनांच्या रकान्यात ‘निरंक’.

त्या दिवशी विज्ञानाचे प्रयोग दाखवायला एका संस्थेची मुलगी आली. माझ्या लेकीच्या वयाची असेल. दारातच म्हणाली, “मॅडम, माझा पहिलाच तास आहे. तुमचा अभिप्राय वाचून मला पुढच्या शाळा द्यायच्या की नाही ते ठरवणारेत.”

“अगं, काळजी कसली करतेस,” म्हणत मी फॉर्म घेतला, मागच्या बाकावर बसले आणि तिनं पेटी उघडायच्या आत सगळीकडे ‘उत्कृष्ट’ लिहून मोकळी झाले. मग वह्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढला.

गढूळ पाणी गाळायचा प्रयोग होता. कापलेली बाटली, वाळू, खडी, कोळसा, सगळं तिनं आणलेलं. “आता बादलीभर पाणी आणा बरं कुणीतरी.”

वर्ग हसला. “ताई, नळाला पाणी दोन वाजता येतं.”

अजून बारा वाजायचे होते. पोरीचा चेहरा उतरला. माझ्यासमोर फॉर्मवर, माझ्याच वळणदार अक्षरात: ‘मुलांनी प्रयोगाचा मनमुराद आनंद घेतला.’

तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक उठली आणि स्वतःच्या बाटलीतलं झाकणभर पाणी ताईच्या भांड्यात ओतून आली. मग रांगच लागली. “ए, एकच झाकण हां, डबा खायचाय अजून.” लाल पेन ठेवून मीही रांगेत उभी राहिले, तर मागून आवाज आला, “बाई, तुमची बाटली मोठी आहे, तुम्ही दोन द्या.”

कुंडीतली माती कालवली. खाली थेंब थेंब नितळ पाणी पडायला लागलं तेव्हा वर्ग चिडीचूप. एवढी शांतता माझ्या तासाला फक्त मुख्याध्यापिका दारात उभ्या असल्या की असते.

ती फॉर्म न्यायला आली. मी विचारलं, “दुसरा कोरा आहे का गं?” तिचा चेहरा पुन्हा उतरला.

नव्या फॉर्मवर पूर्वतयारीपुढे मी ‘बरी’ लिहिलं. सूचनांत, ‘शाळेत पाणी कधी येते ते आधी विचारावे. वर्गशिक्षिकेस वह्या तपासू देऊ नयेत.’ आणि शेवटी, ‘हिलाच पुन्हा पाठवावे.’ ‘हिलाच’खाली दोन रेघा.

तिनं ते दोनदा वाचलं आणि हसली. “मग पुढच्या वेळी किती वाजता येऊ, मॅडम?”

उत्तर मला द्यावंच लागलं नाही. अख्खी चौथी म्हणाली, “दोननंतर.”