मचाणाला लाल टॅग

मी परांची बांधतो. कुवेतमध्ये तिला सगळे स्कॅफोल्डिंग म्हणतात. बांधून झाली की ती तपासून टॅग लावायचा अधिकार आमच्या साइटवर माझा. मी सही करून हिरवा टॅग लावला की माणूस वर चढतो. लाल लावला की कंपनीचा मालक आला तरी खालीच उभा राहतो. दहावी नापास माणसाला याहून मोठा मान कुठे मिळायचा? मला मिळालाय, आणि मी तो मिरवतो.

स्वभावाने मी खडूस आहे. एकदा आमचे पुण्याचे इंजिनिअरसाहेब घाईत होते. नुकतंच वाळूचं वादळ होऊन गेलं होतं, आणि वादळानंतर परांची पुन्हा तपासल्याशिवाय मी कोणाला चढू देत नाही. "अहो, पाच मिनिटांचं काम आहे, मी जबाबदारी घेतो," साहेब म्हणाले.

"जबाबदारी तुम्ही खाली उभं राहून घेणार, साहेब. वर माणूस माझा जाणार."

तपासलं तर वरच्या फळीचा एक क्लॅम्प नुसत्या बोटाने फिरत होता.  तेव्हापासून साहेब आले की आधी टॅग बघतात, मग मला नमस्कार करतात.

हे सांगायचं कारण आमचं गावचं मचाण. सिंधुदुर्गात भात पिकायला लागलं की रानडुकरं शेत आडवं करतात. म्हणून शेताकडेच्या ऐनाच्या झाडावर, फांद्यांच्या बेचक्यात वासे टाकून मचाण बांधतात आणि राखणीला बसतात. आम्ही त्याला माळो म्हणतो. बाबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे, आणि पंचक्रोशीत त्यांच्यासारखा नेमबाज नव्हता. मी कुवेतला आलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी ते मचाणावरून पडले. भरलेली बंदूक एका हातात धरून चढत होते, गेल्या वर्षीच्या सुंभाने बांधलेला वासा सुटला, आणि खुबा मोडला. बंदूक उडाली नाही हे नशीब. मला सुट्टी मिळाली नाही. इथल्या, कुवेतमधल्या फहाहीलच्या खोलीवरून फोन केला तर म्हणाले, "राखणदारान सांभाळल्यान रे." ते अजून लंगडतात.

राखणदार म्हणजे आमच्या शेताचा देव. मचाण झालं की बुंध्याशी नारळ ठेवून त्याला गाऱ्हाणं, म्हणजे सांभाळ म्हणून साकडं, घालायचं, आणि एकदा गाऱ्हाणं घातलं की गाठींना हात लावून बघायचा नाही. बघितलं तर देवावर शंका घेतली असं होतं. आमच्या घरात पूर्वीपासून असंच चालत आलंय.

यंदा बाबांच्या जागी धाकटा भाऊ बसणार होता. त्याच्या बायकोला सातवा महिना. शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी त्याने व्हिडिओ कॉल लावला. "दादा, बघ माळो कसो झालो!"

हिरव्यागार पाल्याने छान झाकला होता. मला ती हिरवाईच आवडली नाही. म्हटलं, "पालो बाजूक कर." खाली गेल्या वर्षीचाच सुंभ, पावसाने काळा पडलेला. भावाने जरासा ओढला तर तंतू त्याच्या हातात आले.

"लाल टॅग! कोण चढूचा नाय!" मी असा ओरडलो की खोलीतले सगळे उठून बसले.

बाबांनी फोन घेतला. "गाऱ्हाणा घालून झाला. आता देवाक खोटो पाडतंस?"

"सुंभ देवान बांधूक नाय, बाबा. तुमी बांधलात."

"कुवेतात जावन माका शिकवतंस?"

"व्हय, शिकवतंय. तुमी पडलात तेव्हा मी हय होतंय. तो पडलो तरी मी हयच असतलंय. माका परत तो फोन नको."

पलीकडून फोन बंद झाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्या बाबांचा सुंभ कुजला तरी पीळ तसाच. मीही त्याच सुंभाचा, म्हणून संध्याकाळीच फहाहीलच्या बाजारात गेलो आणि भावाच्या मापाचा हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा पट्टा, आणि चांगला दोर घेऊन आलो. इंजिनिअरसाहेब सुट्टीवर घरी निघाले होते, त्यांच्याकडे पिशवी दिली. पिशवी बघून म्हणाले, "अहो, लोक घरी सोनं पाठवतात!" पण पुण्याला पोचल्याबरोबर त्यांनी ती गावी पाठवली आणि मला पावतीचा फोटो टाकला.

मी स्वतः हार्नेस घालून भावाला व्हिडिओ करून पाठवले. जमिनीवरून पाय उचलायच्या आधी वरच्या फांदीवरून सोडलेल्या दोराला हुक लावायचा, आणि पाय परत जमिनीला लागल्यावरच काढायचा. चढताना दोन्ही हात मोकळे. बंदूक न ठासता खाली ठेवायची आणि वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायची. भावाचा निरोप आला, "बैलाक जू घालतत तसा वाटता." तोवर डुकरांनी शेताचा एक कोपरा फस्त केला होता. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. मला वाईट वाटत होतं, पण शब्द मागे घेतला नाही.

दोन शुक्रवारांनंतर पुन्हा कॉल आला. भाऊ हार्नेस घालून झाडाखाली उभा होता. बुंध्याला आईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधलेली.

"ह्या काय?" मी विचारलं.

"बाबांनी बांधल्यानी. ते सोडीत नाय तवसर कोण चढूचा नाय, असा सांगल्यानी."

भावाने फोन वर केला. बाबा शिडीवर होते, कमरेला दोर बांधून. मचाणाची एकेक गाठ ते हाताने ओढून बघत होते. सगळ्या बघून झाल्यावर सावकाश खाली उतरले, लंगडत बुंध्याशी आले आणि चिंधी सोडली. मग नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, सुंभ नवो बांधललो असा. गाठ न् गाठ माझ्या हातान बघितलंय. पट्टो घातललो असा, हुक लावललो असा. आमचा काम आमी केला. आता उरलेला तू बघ, रे म्हाराजा!"

आयुष्यभरात इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता. गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. फहाहीलच्या खोलीत मी खाटेवरून उठून उभा राहिलो, डोळे पुसले, आणि माझा आवाज त्या ऐनापर्यंत पोचेल असा ओरडलो, "व्हय म्हाराजा!"