कमलेची हाक

धामणगाव बढ्याहून आईला तालुक्याच्या दवाखान्यात हलवलं, तेव्हापासून ती नर्स मला रोज दिसायची. पन्नाशीची, सावळी, गळ्यात बारीक क्रूस. चालताना पायांचा आवाज नाही. प्रत्येक पेशंटच्या कपाळावर हात ठेवून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटायची. एकदा विचारलं, तर म्हणाली, "काही नाही जी, येशूले सांगून राह्यली, इकडं पाह्य जरा म्हणून."

आई जुन्या वळणाची. पहिल्याच दिवशी तिनं नर्सच्या हातचं पाणी नाकारलं. नर्सनं पेला माझ्याकडे दिला. "तुम्ही पाजा भाऊ. तहान भागली म्हणजे झालं."

पाचव्या दिवशी दुपारी आईला कुणीच ओळखू येईना. खिडकीतल्या पिवळ्या उन्हात सगळी खोली संथ तरंगत असल्यासारखी वाटत होती. आई एकदम म्हणाली, "कमले, आली का वो?"

कमल माझी बहीण, लहानपणीच गेलेली. नर्स पलंगावर टेकली. "हाव माय, आली ना मी."

आईनं तिचा हात ओढून गालाखाली घेतला. नर्स तशीच वाकून बसून राहिली. ऊन भिंतीवर चढत गेलं. तो हात न सोडताच आई गेली.

नंतर व्हरांड्यात ती डोळे पुसत उभी होती.

"खोटं बोलली मी, भाऊ. देवाले सांगीन तसं." मग चाचरत म्हणाली, "रविवारी चर्चमध्ये प्रार्थना करीन तिच्यासाठी. तवा तिले माही माय म्हटलं, तर चालन का तुमाले?"