माझ्या नावावरची पेट्रोल

त्या हिवाळ्यात आमची प्लाटून चौदा हजार फुटांवरच्या पोस्टवर होती. मी शिपाई. नायक व्हायचं तर शिक्षणाची परीक्षा पास करावी लागे. महागावला दहावीत गणितात मी काठावर सुटलो होतो. आठ वर्षांत अपूर्णांक पार विसरलो होतो.

नायक प्रकाश राठोड दिग्रसजवळच्या तांड्यावरचा, गणितात पक्का. रोज दुपारी १४०० ते १५०० तो मला शिकवायचा.

"आधी छेद सारखे कर. घाई कायले करतं?"

चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. रागावला कधीच नाही.

पेपर खाली कंपनी हेडक्वार्टरला, ०९३० वाजता. त्याच सकाळच्या, शेजारच्या पोस्टपर्यंतच्या पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, आदल्या दिवशी माझं नाव लागलं. राठोडने साहेबांना सांगून ते बदलून घेतलं.

"तू पेपर दे. तुह्या जागी मी जातो."

१०२० ला मी चौथं गणित सोडवत होतो. शेजारच्या बंकरमधून रेडिओ ऐकू आला.

"पेट्रोलवर बर्फ कोसळला. चार बाहेर, एक मिसिंग. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

"नायक राठोड."

पेपर टेबलावर टाकून मी रेस्क्यू पार्टीबरोबर निघालो. १५४० ला तो सापडला. एका हातात मोजा नव्हता. मी तो हात चोळत राहिलो. शेवटी नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "बस कर."

परीक्षा मी पुढच्या वर्षी पास झालो. हवालदार होऊन निवृत्त झालो. रजेवर कितीदा आलो, पण त्या तांड्यावर पाय टाकला नाही.

राठोड गेल्यानंतर बारा वर्षांनी त्याच्या पत्नीचा, सुनीतावहिनींचा फोन आला. बटालियनच्या ग्रुपवरून नंबर मिळवला होता. त्यांची शाळा आठवीत सुटलेली. आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसल्या होत्या.

"भाऊजी, गणितातलं काईच आठवत नाही. शिकवता का?"

मलाही आठवत नव्हतं. पाचवीपासूनची पुस्तकं आणून आधी मी स्वतः गणितं सोडवली. मग दर रविवारी एसटीने दिग्रस, तिथून तांडा. तिसऱ्या रविवारी अपूर्णांक समजावता समजावता मी वही मिटली.

"वहिनी, त्या दिवशीची पेट्रोल माझी होती."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मले माहीत हाये. आदल्या दिवशी फोनवर सांगतलं होतं त्यायनं."

"मंग इतके वर्षं बोलल्या काहून नाही?"

"कोणाशी बोलू? तुमची वाट पाह्यली. तुमी आलेच नाही."



निघताना भिंतीवरच्या त्याच्या फोटोसमोर थांबलो. डोक्यावर टोपी नव्हती, म्हणून सॅल्यूट केला नाही. नुसता सावधान उभा राहिलो.

नायक प्रकाश राठोड. वय एकोणतीस.